मतदानाच्या वेळचा चहा

चर्चच्या सभासदांच्या सभेत ठराव मांडून झाला, अनुमोदन मिळालं आणि पाळकसाहेब "आता हात वर करा" म्हणाले, की आत्या उठलीच म्हणून समजा. "चालू द्या तुमचं, मी चहाचं बघते," म्हणायची आणि मागच्या स्वयंपाकघराकडे वळायची. इकडे हात वर व्हायचे, मोजले जायचे, आणि ठराव मंजूर होईतो तिकडून कपबश्यांचा आवाज यायचा. भिंतींना रंग कुठला, ऑर्गन दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, उपासना नऊला की साडेनऊला, सगळं म्हणजे सगळं आत्याच्या चहावर ठरलेलं. लोक म्हणायचे, बाईला वेळेचं भान काय आहे बघा. पण बाईनं चाळीसेक वर्षांत एकदाही हात वर केलेला नाही, हे काही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आत्याच्या ध्यानात होतं. कारण तिला मत नव्हतंच.

आता हे जरा नीट सांगायला हवं. ही मंडळी बाप्टिस्ट. म्हणजे इथं तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस मोठा झाला, त्याला कळायला लागलं, आपल्या तोंडानं चारचौघांत "माझा विश्वास आहे" म्हणाला, की मग त्याला हौदात उतरवून डोक्यासकट बुडवायचं. तो बाप्तिस्मा. आत्याचं माहेर पडलं दुसऱ्या मंडळीचं, शिंपडणाऱ्यांचं. दूधपिती असतानाच आईच्या हातांवर तिचा बाप्तिस्मा होऊन गेला होता. लग्न होऊन इथं आली, तर त्या वेळच्या म्हाताऱ्या पाळकांनी "आलीस? बस, बस" म्हणून पहिल्या बाकावर जागा करून दिली. झालं. नवरा होता तोवर थट्टा करायचा, "बायको मिळाली शिंपीण, आणि तीही शिंपडलेली." बाकी कुणी विषय काढला नाही.

संघाच्या पुस्तकात मात्र विषय होता. बाप्टिस्ट मंडळ्यांचा जो संघ आहे, त्याचं धोरण एका जाडजूड पुस्तकात छापलेलं. पहिल्याच पानावर लिहिलंय की प्रत्येक मंडळी आपल्या कारभारात स्वतंत्र आहे. आणि पुढची सगळी पानं त्या स्वातंत्र्याचं काय करायचं ते सांगतात. बुडवून बाप्तिस्मा झाला तोच सभासद, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. इथली रीत वेगळी. इथं जो दोन-चार रविवार आला आणि उपासना संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबला, तो सभासद. पुस्तक कपाटात सुखानं नांदत होतं, रीत बाहेर सुखानं नांदत होती, आणि दोघांची कधी गाठ पडत नव्हती.

बरं, आत्या नुसती चहावाली होती असंही नाही. बाप्तिस्म्याचे पांढरे झगे तिनंच शिवलेले. झगा पाण्यात फुगून छत्रीसारखा वर येऊ नये, म्हणून खालच्या दुमडीत ती पडद्याला लावतात तसली छोटी वजनं शिवायची. आणि तिची खरी जागा हौदाच्या वरच्या पायरीवर. पाण्यातून माणूस वर आला की आत्या मोठी चादर घेऊन उभी. त्याला गुंडाळायचं, डोकं खसखसून पुसायचं, मगच तो त्याच्या आईबापांच्या हाती जायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. फार पूर्वी कुणीतरी कुडकुडत वर आलं, आत्यानं हाताला लागली ती चादर टाकली, आणि रीत पडली. आता निम्मी मंडळी त्या चादरीतून बाहेर आलेली होती. सध्याचे पाळकसाहेबसुद्धा.

आणि या रविवारी पाळी होती तिच्या नातीची. आत्यानं त्यासाठी नवी चादर शिवली होती, कडेला बारीक निळी टीप घालून. गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला पडले, तरी चादर वेळेआधी तयार होती. इतकी वर्षं लोकांची पोरं गुंडाळली, आता घरची गुंडाळायची, या विचारानं ती दुकानात एकटीच हसायची.

बुधवारी पाळकसाहेब दुकानात आले. तरुण माणूस, सरळ, पण अवघड बोलायचं असलं की हाताला काहीतरी चाळा लागायचा. आल्याआल्या त्यांनी काउंटरवरची मोजायची टेप उचलली आणि बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"आत्या, काम चाललंय का?"

"नाही, मशीनला व्यायाम देतेय. बसा."

"रविवारी संघाचे निरीक्षक येताहेत."

"येऊ देत. कपभर पाणी जास्त टाकते."

"तसं नाही हो. बाप्तिस्मा कसा होतो ते बघायला येताहेत. नवा नियम झालाय. हौदाजवळ जो कुणी सेवा करेल, तो सभासद पाहिजे. म्हणजे," त्यांनी टेपचा आणखी एक वेढा घातला, "पुस्तकातला सभासद."

मशीन थांबलं.

"म्हणजे मी पायरीवर नको."

"असं मी कुठं म्हणालो?"

"तुम्ही नाही म्हणालात. पुस्तक म्हणालं. आणि ती टेप सोडा, बोट निळं पडलंय."

पाळकांनी टेप सोडली. मग खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "सोपा उपाय आहे, आत्या. शनिवारी संध्याकाळी, दार लावून. तुम्ही, मी आणि एखादा डिकन. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांत मी बटणसुद्धा लावून देत नाही," आत्या म्हणाली. थोडा वेळ ती सुईत दोरा ओवत बसली, खरं तर दोरा ओवलेलाच होता. "मी झाले तेव्हा महिनाभर तापात होते. जगते की जाते कुणाला माहीत नव्हतं. आई अंथरुणातून उठून मला घेऊन चालत गेली. शेवटपर्यंत सांगायची, तुला देवाच्या हाती दिलं तेव्हा माझे हात कापत होते. आता मी दार लावून दुसरा बाप्तिस्मा घ्यायचा, म्हणजे तिचा तो खोटा होता, असंच ना?"

"मग शनिवारचं राहू द्या," पाळक म्हणाले. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही, हे त्यांचं चांगलं.

बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर पोचली. रात्री जेवणं व्हायच्या आत वायरमन आला. तो मंडळीचा डिकन, म्हणजे कारभारी मंडळातला, आणि तोंडानं फटकळ. "आत्या, उगाच डोक्याला ताप नको. आपण गप्प बसायचं. निरीक्षकाला काय स्वप्न पडणार आहे? सगळे सांगतील, आत्या आमची जुनी सभासद. विषय संपला."

"अरे, मी दर सभेत चहाला का उठते ते माहीत आहे का तुला?"

"चहा करायला."

"हात वर करायला लागू नये म्हणून. मत नाही तर हात कशाला वर करायचा? इतकी वर्षं मी खोटा हात वर केला नाही, आणि आता तुम्ही मला सबंधच खोटी उभी करणार?"

सुनेनं भाताचा चमचा हातातच धरला होता. मुलगा भिंतीकडे बघत होता. आपल्या आईचं असं काही असेल हे त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं.

नात तेवढी बोलली. "आजी, तू पायरीवर नसशील तर मी पाण्यात उतरणार नाही."

"आई, तुम्हीच समजवा हिला," सून म्हणाली.

"वेडी की काय तू? बाप्तिस्मा माझ्या चादरीसाठी घेतेयस का?" आत्यानं नातीला दटावलं. दटावलं खरं, पण आत कुठंतरी गोड वाटलं, आणि त्याच्याच पाठोपाठ फार वाईट वाटलं. तिला त्या पायरीवर उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं. सभासदांत नाव लागलं नसतं तरी चाललं असतं, पहिला बाक काढून घेतला असता तरी चाललं असतं. ती पायरी तेवढी हवी होती.

रविवार उजाडला. हौद भरायचा म्हणजे या मंडळीत एक सोहळाच. पाणी तापवायचं यंत्र बसवल्या दिवसापासून चाललेलं नाही. वायरमननं दर वर्षी ते उघडलं आणि दर वर्षी हात टेकले. म्हणून बाप्तिस्म्याच्या सकाळी प्रत्येक घरातून एकेक पातेलं कढत पाणी यायचं. कुणी सायकलवरून, कुणी दोघांत धरून, कुणी झाकणावर वीट ठेवून. नळाचं गार पाणी आधीच भरलेलं, त्यात ही पातेली रिकामी करायची. म्हणजे माणूस साऱ्या मंडळीच्या चुलीवर तापलेल्या पाण्यात बुडायचा.

निरीक्षक वेळेच्या आधी आले. उंच, शिडशिडीत, कोट इस्त्रीचा, खिशात ते पुस्तक. माणूस वाईट नव्हता. पातेल्यांची रांग बघून त्यांनी पुस्तक काढलं, चाळलं आणि परत ठेवलं, कारण पातेल्यांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

"पाणी कंबरेइतकं हवं," ते हौदाच्या काठावर येत म्हणाले. "मोजायला काही आहे?"

आत्या तिथंच होती. पायरीवर नाही, बाजूला. झग्यांची वजनं तपासत. गळ्यात टेप असायचीच. तिनं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं टोक हौदात सोडायला वाकली. काठावर नुकतंच कुणाचं तरी पातेलं हिंदकळलं होतं. निरीक्षकसाहेबांचा चकचकीत बूट सटकला. माणूस पडताना हाती असेल ते घट्ट धरतो, त्यांनी टेप धरली. आणि आत्यानं तर जन्मात कधी टेप सोडली नव्हती.

दोघंही धपकन आत.

निरीक्षक उंच होते, छातीपर्यंत भिजले आणि उभे राहिले. आत्या ठेंगणी. ती अंबाड्यासकट गेली, दिसेनाशी झाली, आणि मग टेप हातात धरूनच वर आली. पहिला आवाज वायरमनचा.

"गेल्या. पूर्ण गेल्या. मी या डोळ्यांनी बघितलं."

"डोक्यासकट," पाळकसाहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं आणि ते ते दाबत होते. "साक्षीदार सबंध मंडळी."

मागून कुणीतरी आमेन म्हणालं. एकदम घोळका हलला, लोक टाळ्या वाजवायला लागले. सुटलो बाबा एकदाचे, खोटं बोलायला नको, दार लावायला नको, पुस्तकही खूश. नातीनं नवी चादर पिशवीतून काढली, पळत पायरीवर आली आणि आजी वर येताच तिला गुंडाळून डोकं खसखसून पुसायला लागली. इतक्या वर्षांत आत्या पहिल्यांदा चादरीच्या आतल्या बाजूला होती. आत किती ऊब असते हे तिला माहीतच नव्हतं.

जुनी चादर मात्र तिनं स्वतः उचलली आणि निरीक्षकांच्या खांद्यावर टाकली. पाहुणा असला म्हणून काय झालं, हौदातून वर आला की चादर मिळायचीच.

ते चादरीत गुरफटून पहिल्या बाकावर बसले, कोटाची बाही पिळली आणि म्हणाले, "मला वाईट वाटतंय, पण हे असं धरता येणार नाही. पाय घसरून झालेल्याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत. माणसाला आधी विचारावं लागतं, आणि त्यानं आपण होऊन हो म्हणावं लागतं. आपल्या पूर्वजांनी सगळं भांडण त्यासाठीच तर केलं."

"अहो साहेब, तुम्हीच ओढलंत की त्यांना आत," वायरमन म्हणाला.

"थांब रे," आत्या म्हणाली. "बरोबर बोलताहेत ते."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. अंबाडा सुटलेला, चादरीची निळी टीप हनुवटीखाली, आणि आवाज नेहमीचा, गिऱ्हाइकाला बाहीची लांबी सांगतानाचा.

"दोनदा पाणी लागलं मला. एकदा आईच्या हातात, एकदा आत्ता. आईचं मी खोटं म्हणणार नाही, तिनं तिच्याकडचं सगळं दिलं. पण दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही हे खरंय. आणि तुम्ही तरी कुठं विचारलंत? आल्यापासून बस म्हणालात, मी बसले. तुमचा चांगुलपणाच तो. नियम आड येईल म्हणून विषय काढला नाहीत. पण त्या चांगुलपणात मला विचारायचंच राहून गेलं. या सगळ्या पोरांना हौदाशी उभं करून विचारता, तुझा विश्वास आहे का. मी तिथंच उभी असते. मला वाटायचं, एकदा कुणीतरी माझ्याकडे पण वळेल."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. वायरमन खाली बघत पातेल्याचं झाकण घट्ट करत होता, आणि पातेलं तर रिकामं होतं.

मग पाळकसाहेब तिच्यासमोर येऊन उभे राहिले. हाताला चाळा नव्हता. "आत्या, तुमचा विश्वास आहे का?"

"आहे," आत्या म्हणाली. "इथं पायरीवर उभी राहून जितक्या जणांनी हो म्हटलं, तितक्यांदा मी मनात त्यांच्याबरोबर हो म्हटलंय. तुमच्या वेळीसुद्धा. तुमचा आवाज फुटत नव्हता, म्हणून जरा जोरात म्हटलं होतं."

आता हसावं की रडावं हे लोकांना कळेना, तर त्यांनी दोन्ही केलं.

"सभा घेऊ," पाळकसाहेब म्हणाले. "आत्ता, इथंच."

"सभेची आठवडाभर आधी नोटीस द्यावी लागते," निरीक्षक चादरीतून म्हणाले. सवय हो, दुसरं काय.

"सगळे इथंच आहेत, साहेब. नोटीस द्यायची कुणाला?" वायरमन म्हणाला, आणि लगेच ठराव मांडला. "आत्यांनी सगळ्यांसमोर दिलेल्या साक्षीवर त्यांना सभासद करून घ्यावं." अनुमोदन द्यायला इतके जण एकदम उठले की कुणाचं धरायचं ते ठरेना. हात वर झाले. मोजायची गरज नव्हती, पण पाळकांनी मुद्दाम सावकाश मोजले, शेवटच्या बाकापर्यंत.

"मला संघाला सांगावं लागेल," निरीक्षक म्हणाले. "बुडवल्याशिवाय सभासद केला. धोरणात बसत नाही."

"सांगा," पाळकसाहेब म्हणाले.

"आणि पहिलं पानही वाचून दाखवावं लागेल." त्यांनी भिजलेलं पुस्तक खिशातून काढलं, फुगून उशीएवढं झालं होतं. "प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, असं आम्हीच छापलंय. त्या पानाकडे बऱ्याच दिवसांत कुणी बघितलेलं नाही. त्यावर वाद होईल. वर्षभर तरी पुरेल."

"आता दुसरा ठराव," पाळकसाहेब म्हणाले. "पाण्यातून वर येणाऱ्याला चादर द्यायची रीत या मंडळीत चालू राहावी, आणि ती जागा आत्यांची असावी. अनुमोदन मिळालंय. हात वर करा."

आत्या सवयीनं उठली. "चालू द्या तुमचं, मी चहा..." एवढं म्हणाली आणि थांबली. सगळी मंडळी तिच्याकडे बघत होती. नात हसत होती. आत्या सावकाश खाली बसली, चादरीतून उजवा हात बाहेर काढला आणि वर केला. सुईनं टोचलेली बोटं, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. हात किती उंच करायचा याचा अंदाज नव्हता, म्हणून जरा जास्तच वर गेला. आणि खाली कधी घ्यायचा तेही तिला ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे हात खाली आले तरी तिचा वरच होता, आणि पाळकसाहेबांनी तो वर असू दिला.

मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातून आवाज येत नाहीये. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ठराव तर मंजूर झाला, पण चहा?

निरीक्षक उठले. खांद्यावरची चादर सावरत म्हणाले, "मला इथं मत नाही. चहाची पूड कुठं असते?"

"वरच्या फळीवर, निळ्या डब्यात," आत्या म्हणाली. "साखर बेतानं टाका."

त्यानंतर नात पाण्यात उतरली. पाळकांनी विचारलं, ती हो म्हणाली, खणखणीत म्हणाली. वजनं लावलेला झगा जिथल्या तिथं राहिला. ती वर आली तेव्हा पायरीवर आजी उभी होती, अंगावरची चादर सोडून हातात धरलेली.

"आजी, ही तर ओलीच आहे."

"असू दे. ये."

चहा आला तो पाणचट होता आणि साखर सगळी तळाशी बसलेली. पाहुण्यानं केलेला, म्हणून सगळे मुकाट्यानं पीत राहिले, वर "छान झालाय" म्हणाले. आत्यानं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पुढच्या वेळी पाण्याला उकळी नीट येऊ द्या, असं निरीक्षकांना सगळ्यांदेखत सांगितलं. सभासद होती ती आता. बोलायचा हक्क होता तिला.